आतलं लाकूड

शेगडीचं दार उघडून रैदुनने लाकूड आत सारलं आणि हात मागे घेते न घेते तोच फाडकन आवाज झाला. एक निखारा बाहेर उडाला आणि थेट तिच्या पायमोज्यावर येऊन बसला. तिने तो झटकला, चिमट्याने फरशीवर दाबून विझवला. लोकरीला भोक पडलं, केस जळल्यासारखा वास सुटला, झालं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण ती उठली नाही. दार उघडं टाकून तशीच उकिडवी बसून राहिली आणि तोंडावर येणारी धगही तिला जाणवेना. ओस्लोतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिने कितीतरी हिवाळे काढले होते आणि या शेगडीतून ठिणगी म्हणून कधी उडाली नव्हती. उडणार कशी? हिच्या पोटात बाबांनी पाठवलेल्या लाकडाखेरीज दुसरं काही गेलंच नव्हतं, आणि बाबांचं लाकूड म्हणजे बर्च. बर्च मुकाट्याने जळतो, बराच वेळ जळतो आणि जाताना निखाऱ्यांची ऊब मागे ठेवून जातो. फुटफुटतो तो स्प्रूस. त्याच्या गाठींत राळ भरलेली असते, ती तापली की फुटते. आता तर तिला वासही आला, गोडसर, चिकट, घशाशी रेंगाळणारा. तिने शेजारचं पोतं पुढे ओढलं. वरची लाकडं पांढऱ्या सालीची, बर्चच. कोपरापर्यंत हात घालून तिने मधलं एक ओढून काढलं. तपकिरी, हलकं. दुसरं काढलं, तेही तसंच. पोतं तळघरातून वर आणताना हलकं लागलं होतं खरं. तेव्हा तिला वाटलं होतं, यंदा छान वाळलंय. थोडं श्रेय तिने आपल्या पोहण्याच्या क्लासलाही दिलं होतं.

आजच, सकाळची कॉफी संपायच्या आत, स्टायनारचा फोन येऊन गेला होता. स्टायनार तिचा धाकटा भाऊ. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर तेलाच्या कंपनीत असतो आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची बैठक घेतल्यासारखा बोलतो. "रैदुन, खोली रिकामी झालीये," तो म्हणाला होता. "वृद्धनिवासात. नदीकडची, चांगली. सोमवारी पालिकेची बाई बाबांना बघायला येणार आहे. मी हो कळवलंय. आता तू हो म्हण, म्हणजे संपलं."

"बाबा हो म्हणालेत?"

"बाबांचं काय विचारतेस! ते घराची चौकटसुद्धा बरोबर घेऊन गेल्याशिवाय हलायचे नाहीत. अगं, शहाऐंशी वर्षांचा माणूस, एकटा, चारी बाजूंनी बर्फ, घरात विस्तव. उद्या काही झालं म्हणजे?"

"जो माणूस अजून असलं लाकूड करून पाठवतो ना स्टायनार, त्याचं डोकं ठिकाणावर असतं."

हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. गेली दोन-तीन वर्षं बाबांच्या बाजूने ती एकटीच लढत होती आणि तिच्या भात्यात हा एकच बाण होता. बाबा तिला फोनवर मधूनच आईच्या नावाने हाक मारत, वार विसरत, तीच गोष्ट पुन्हा सांगत. सगळं खरं. पण दर शरदात शेजाऱ्याच्या गाडीतून पोती येत, आणि पोत्यात पांढरा, खणखणीत, तिच्या लहान शेगडीच्या मापाने कापलेला बर्च असे. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की कपबशीसारखा आवाज येई. त्या आवाजावर तिचा भरवसा होता. "तुझं ते लाकूड!" स्टायनार चिडून म्हणाला होता. त्याच्या घरी भिंतीवरचं यंत्र गरम हवा सोडतं, त्याला काय कळणार. आणि त्याने फोन ठेवल्यावर, आपण कसं तोडीस तोड उत्तर दिलं या तोऱ्यातच तिने शेगडीचं दार उघडलं होतं. आता ती भोक पडलेल्या मोज्यातलं पाऊल हातात धरून बसली होती आणि बाण तिच्याच पायात रुतला होता.

कारण बाबांच्या पोत्यात स्प्रूस येणं म्हणजे काय, हे त्या खोऱ्यात वाढलेल्या माणसालाच कळावं. स्प्रूस तुळयांना, स्प्रूस कागदाच्या गिरणीला, स्प्रूस नाताळात दिवाणखान्यात. शेगडीत बर्च. पैपाहुण्याला बर्च, आजाऱ्याच्या खोलीत बर्च. रैदुन लहान असताना बाबा तिला लाकडाच्या पडवीत उभं करीत, डोळे मिटायला लावत आणि तिच्या पसरलेल्या हातांवर एक-एक लाकूड ठेवत. "हे काय?" "बर्च." "हे?" "स्प्रूस." "कशावरून?" "हलकं आहे." "आणि?" "वास." ती कधी चुकली नाही. स्टायनार चुकायचा आणि रडायचा. म्हणजे हे डोळ्यांचं काम नव्हेच, आंधळ्यालाही जमावं असं काम. आई मात्र वेगळ्या पंथाची. ती अंगणातल्या धुण्याच्या खोलीत वर्षभर पुरतील अशा पातळ भाकऱ्या भाजायची, तेव्हा तव्याखाली स्प्रूसच हवा तिला, झटकन पेटणारा, भडभडून जळणारा. तिच्या ॲप्रनला ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली असत. "तुझा बर्च पाद्र्यासारखा गंभीर जळतो रे एम्ब्रेट," ती बाबांना म्हणायची, "हा निदान बोलतो तरी." बाबा हसायचे, पण स्प्रूसची एक काडी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. ती भोकं आता रैदुनला इतकी स्पष्ट दिसली की तिने नकळत आपल्या मोज्याच्या भोकात बोट घातलं. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

आणि गुट्टोर्मची गोष्ट. ती तर आठवायची नाही म्हटलं तरी पोत्यामागोमाग आलीच. गुट्टोर्म नदीपलीकडचा, जमीन थोडी, घरात खाणारी तोंडं भरपूर. एका शरदात त्याने शाळामास्तरांना लाकूड विकलं. पोत्यात बाहेरच्या अंगाला बर्च, मध्ये स्प्रूस. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर बिचारे दक्षिणेकडचे, त्यांच्या लक्षातही आलं नसतं. पण बाबांनी दुकानाच्या पायऱ्यांशी ते पोतं नुसतं उचललं आणि वजनावरूनच ओळखलं. शनिवारची सकाळ, सगळं गाव दुकानात. बाबांनी काही न बोलता पोतं पायऱ्यांवर पालथं केलं. वरून पांढरं पडलं, मग तपकिरी, तपकिरी, तपकिरी. "बघून घ्या," ते एवढंच म्हणाले, पण इतक्या मोठ्याने की पेट्रोलच्या पंपावरची माणसंही वळली. गुट्टोर्म तिथेच उभा होता, हातात टोपी. त्यानंतर त्याचं लाकूड कुणी घेतलं नाही. बाबा त्याच्याशी आजतागायत एक शब्द बोलले नव्हते. त्याची मुलगी यॉरुन रैदुनच्या वर्गात होती, तिला पोरं शाळा संपेपर्यंत 'स्प्रूस' म्हणत राहिली. ती यॉरुन आता पालिकेत होती. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन कुणाचं डोकं शाबूत आहे आणि कुणाचं नाही हे ठरवायची. सोमवारी येणारी बाई तीच. आणि गुट्टोर्म वृद्धनिवासातच राहत होता, बहुधा नदीकडच्याच बाजूला.

रैदुन उठली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं आणि तो आवाज तिच्या दातांत शिरला. आधी तिने ठरवलं, बाबांना विचारायचंच नाही. मग भांडी घासली. मग एकच कप दोनदा घासला. शेवटी तिने फोन लावला, आणि पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. बाबा स्वयंपाकघरात खिडकीशी बसलेले असणार, आधी फोनकडे संशयाने बघणार, मग गुडघ्यांवर हात टेकून उठणार. हे सगळं तिला दिसत होतं, तरी मधल्या प्रत्येक घंटीला तिने त्यांना एकदा जमिनीवर पडलेलं पाहिलं.

"कोण?"

"बाबा, मी. रैदुन."

"मग बोल की."

"बाबा, पोत्यात स्प्रूस निघाला."

  बाबांनी विचारलं, "किती?"

"बराच. मध्ये सगळा तोच आहे."

"हं. गोंधळ झाला असेल माझा. डोळे गेलेत. म्हातारा झालोय मी, रैदुन."

 माझं चुकलं, असं बाबा म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. ट्रॅक्टर नदीत घातला तेव्हाही त्यांनी नदीलाच दोष दिला होता. आणि डोळे? ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचंच काम करत होती. गेल्या उन्हाळ्यात तिने स्वतः त्यांचे डोळे तपासले होते, नवा चष्मा करून दिला होता. दूरचं, जवळचं, सगळं स्वच्छ दिसत होतं त्यांना. डोळे गेलेले नव्हते. डोळे नाही तर मग दुसरं काय गेलं होतं, हे तिला उच्चारायचं नव्हतं. हात गेले होते का? नाक? डोळे मिटून पोरीच्या हातावर लाकूड ठेवणारा माणूस आता दिवसाउजेडी दोहोंतला फरक ओळखेनासा झाला होता, आणि तो रोज एकटा विस्तव पेटवत होता. "बरं बाबा, असू दे," ती म्हणाली. "जळतं तेही." हे वाक्य आपल्या तोंडून गेलं याची तिला लाज वाटली.  बाबांनी फोन ठेवला.

मग तिने स्टायनारला फोन केला आणि सांगून टाकलं. स्प्रूसचं, डोळ्यांचं, सगळं. "तुझं बहुतेक बरोबर आहे," ती म्हणाली. "हो म्हण माझ्या वतीने." स्टायनार जिंकला होता, पण त्यालाही ते रुचलं नाही. बराच वेळ तो नाक ओढत राहिला. "बाबांना ओळखता आलं नाही?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "बाबांना?" शेवटी म्हणाला, "मी यॉरुनला कळवतो तसं." ती हो म्हणाली. त्यानंतर घरभर फिरताना तिला प्रत्येक वस्तूचा राग येत होता. घड्याळाचा, कुंड्यांचा, त्या शेगडीचा तर फारच. आत स्प्रूस भडभडून जळून केव्हाच संपला होता, राख मऊ पडली होती आणि खोली गार होत चालली होती. बर्च असता तर अजून निखारे असते. बाबांना नदीकडच्या खोलीत बसवायचं. तिथे भिंतीत तापवायची नळी असते, तिला लाकूड लागत नाही, काही लागत नाही. बाबा हातांचं काय करतील तिथे? तिने ते हात डोळ्यांसमोर आणले, मांडीवर उताणे पडलेले, आणि चटकन तळघराची किल्ली उचलली. ठिणग्या उडायला नकोत म्हणून स्प्रूस निवडून वेगळा काढावा, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला कशावर तरी हात चालवायचे होते.

तळघरात प्रत्येक भाडेकरूचा जाळीचा एक-एक कप्पा होता. तिने दिवा लावला आणि पहिलं पोतं जमिनीवर ओतलं. बर्च पडला, मग स्प्रूस, मग तळाशी पुन्हा बर्च. दुसरं ओतलं. बर्च, स्प्रूस, तळाशी बर्च. तिसरं तिने ओतलं नाही. सुरीने पोतं उभं चिरलं आणि कापड दोन्हीकडे उघडलं, आणि आतली रचना जशीच्या तशी उभी राहिली. चारी बाजूंनी बर्चची एक भिंत, साल बाहेरच्या अंगाला. मध्ये स्प्रूस, दाटीने बसवलेला. एकही लाकूड आडवं नाही. पोत्याला कुठून चाचपलं असतं तरी बोटांना बर्चच लागला असता. तिने स्प्रूसचं एक लाकूड घेतलं, दिव्याखाली फिरवलं. गाठ नाही. दुसरं घेतलं, गाठ नाही. तिसरं, चौथं. गाठी नसलेला स्प्रूस निवडून काढला होता, म्हणजे पोरीच्या शेगडीत फुटायला नको. साल तासून टाकली होती, म्हणजे तपकिरी भुसा बाहेर गळायला नको. सकाळचं ते एक गाठीचं लाकूड तेवढं हातून सुटलं असावं. आणि सगळी पोती अशीच, एकूण एक. हा गोंधळलेल्या म्हाताऱ्याचा कारभार नव्हता. हा लबाडाचा कारभार होता. शांतपणे, आठवडेच्या आठवडे बसून केलेला, पक्का, पूर्ण शुद्धीवरचा कारभार. रैदुन त्या पसाऱ्यात मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. पलीकडच्या कप्प्यातून सायकल काढायला आलेले पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ जाळीशी थबकले.

"काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"माझ्या बाबांनी मला फसवलं!" ती आनंदाने ओरडली.

ते गृहस्थ शहरी होते. त्यांनी मान हलवली, सायकल घेतली आणि जरा घाईनेच निघून गेले.

जिना चढतानाच तिने बाबांना फोन लावला. "बाबा, तुमचा गोंधळबिंधळ काही झालेला नाही. मी पोतं चिरून पाहिलं. असं रचायला डोकं लागतं."

"गोंधळ झाला म्हटलं ना."

"सगळ्या पोत्यांत? तोच गोंधळ? तसाच?"

"म्हातारपणी होतं तसं." आवाज कडक. आणि त्याच क्षणी त्यांच्या मागे, फोनमधूनही स्वच्छ ऐकू आलं, फाड्. मग बारीक, फट् फट्. रैदुन जिन्यात उभी राहिली.

"बाबा, तुमच्या शेगडीत काय जळतंय?"

"रेडिओ आहे तो," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन आपटला.

आता तिला सगळं उमगलं, आणि उमगल्याबरोबर हसू मावळलं. बर्च घराच्या वरच्या चढावर होता. बाबांना तो चढ आता जमत नव्हता. मागल्या वर्षीच्या वादळात गोठ्यामागचे स्प्रूस आडवे झाले होते, अंगणाला लागून, हाताशी. तेच त्यांनी कापले होते. होता नव्हता तेवढा बर्च तिच्या पोत्यांना बाहेरून लावला होता आणि स्वतः ते उंबऱ्याच्या आत स्प्रूस जाळत बसले होते. स्प्रूस पाठवतोय, असं एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एम्ब्रेटच्या पोरीला एम्ब्रेटकडून स्प्रूस जात नाही, म्हणजे नाही. आणि आता लबाड ठरायचं की भ्रमिष्ट, असं पुढ्यात आल्यावर त्यांनी भ्रमिष्ट व्हायचं ठरवलं होतं. तसं झालं तर घर जाणार हे त्यांना कळत होतं. लबाड ठरले तर जे जाईल ते त्यांना घराहून मोठं वाटत होतं. तिने स्टायनारला पुन्हा फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "यॉरुनला मी कळवून टाकलंय. आता खरं सांगायचं तर हेच सांगावं लागेल, रैदुन. गुट्टोर्मच्या मुलीला. जे गुट्टोर्मने केलं तेच बाबांनी केलं म्हणून. सांगशील?" ती जिन्याच्या पायरीवर बसली. स्टायनार हळूच म्हणाला, "बाबा लाजेने मरतील गं." पहिल्यांदाच तो बैठकीतल्यासारखा बोलत नव्हता.

रविवारी ती गाडी घेऊन वर खोऱ्यात, बाबांकडे गेली. मागच्या सीटवर एक न उघडलेलं पोतं होतं. ते कशाला घेतलं हे तिला नीट सांगता आलं नसतं. वाटभर ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होती. सांगायचं, नाही सांगायचं. घर वाचवायचं की अब्रू. आणि ती अब्रू तरी कुणाची, असा विचार येताच तिला आपलाच राग आला. आपल्यालाही, पन्नाशी उलटून, शहरात राहून, त्या पायऱ्यांवर पालथं झालेलं पोतं अजून छळत होतंच ना? ती पोचली तेव्हा बाबा बाहेर फावड्याने वाट मोकळी करत होते. "रस्ता कसा होता?" एवढंच त्यांनी विचारलं. पडवीत लाकडाची थप्पी छपरापर्यंत रचलेली होती, रस्त्याकडचं तोंड पांढरंशुभ्र. बाबा आत गेल्यावर तिने मधलं एक लाकूड हळूच ओढून पाहिलं. बर्च एकाच लाकडाइतका जाड होता. मागे सगळं तपकिरी. तिने ते लाकूड होतं तिथे परत बसवलं, तळहाताने थोपटून सारखं केलं. जेवणात बटाटे आणि खारवलेलं मांस होतं. शेगडी मध्ये मध्ये फुटत होती आणि दोघंही, काही ऐकूच येत नसल्यासारखी, जेवत होती. पोतं तिने ओसरीवर, बुटांच्या रांगेशी ठेवलं होतं. जाता-येता बाबांनी ते पाहिलं असणारच. 

सोमवारी यॉरुन आली. रुंद, लाल गालांची, बूट ओसरीवर काढून लोकरी मोज्यांनीच आत आली. तिने कॉफी घेतली, तपकिरी चीजचा तुकडा घेतला, मग पिशवीतून कागद काढले. रैदुनकडे बघून हसली, पण डोळे कामावरचे होते.

"एम्ब्रेट, आज वार कोणता?"

"तू आलीस म्हणजे सोमवार."

"तारीख?"

बाबांनी सांगितली ती चुकली. महिना बरोबर होता. "मला तारखेशी काय करायचंय," ते म्हणाले, "मी काय बँक आहे?"

"एक घड्याळ काढून दाखवाल? कागदावर?"

"घड्याळ भिंतीवर आहे. मान वर कर."

यॉरुनने ओठ दाबून काहीतरी लिहिलं. मग तिने पेन खाली ठेवलं. पुढचं तिला विचारायचं नव्हतं, हे रैदुनला दिसलं. "स्टायनारने कळवलंय," यॉरुन कागदाकडेच बघत म्हणाली, "की तुम्हाला हल्ली... की तुम्हाला बर्च कुठला आणि स्प्रूस कुठला, ते ओळखू येत नाही."

शेगडीत एक गाठ फाडकन फुटली. बाबांची मान आधी लाल झाली, मग कान. रैदुनच्या जिभेवर वाक्य तयार होतं, रस्ताभर घोकलेलं. तिने तोंड उघडलं आणि बाबांकडे पाहिलं, आणि ते वाक्य बाहेर येईना. आलं असतं तर घर वाचलं असतं. त्या माणसाचं उरलेलं आयुष्य या एका वाक्यात होतं आणि तिला ते बोलवेना. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"थांब," बाबा म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, ओसरीवर गेले. काहीतरी ओढत आणल्याचा आवाज झाला. रैदुन उठायला लागली तशी त्यांनी दारातूनच हात केला, बस म्हणून. पोतं त्यांनी फरशीच्या मधोमध आणलं, गाठ सोडायला वेळ लागला. मग त्यांनी त्याची खालची दोन टोकं धरली आणि ते यॉरुनच्या पायांशी पालथं केलं. वरून पांढरं पडलं, मग तपकिरी, तपकिरी, तपकिरी.

"हे मी भरलं," बाबा म्हणाले. "बाहेरून बर्च, आत स्प्रूस. गोंधळ नाही झाला. समजून उमजून केलं. पोरीच्या ध्यानात येऊ नये म्हणून केलं. लिही."

यॉरुनने पेनाला हात लावला नाही. ती खुर्चीवरून उतरून फरशीवर बसली, पाय पोटाशी घेऊन, आणि एक-एक लाकूड उचलून बघू लागली. लांबी बघितली. गाठी शोधल्या. साल तासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. रैदुनला वाटलं, आता ही काहीतरी कडू बोलेल, आणि तिला तो हक्क आहे. लहानपणी शाळेच्या पटांगणात ही मुलगी एकटी, भिंतीला पाठ लावून उभी असायची. यॉरुनने एक लाकूड नाकाशी नेलं, हुंगलं आणि खाली ठेवलं.

"आमच्या बाबांना एवढं नीट जमलं नव्हतं," ती म्हणाली.

बाबा तसेच उभे होते, हातात रिकामं पोतं. यॉरुन उठली, टेबलाशी आली आणि तिने लिहिलं. लिहिताना मोठ्याने म्हणाली, रोज सगळ्यांचं लिहावं तशा सुरात. "तारखा चुकतात. बाकी शुद्ध आहे. घरी राहू शकतात. लाकूड आत आणून द्यायला आठवड्यातून कुणीतरी हवं." मग बाबांकडे वळून, "ते मी बघते. खोली दुसऱ्या कुणाला देऊ. वाट बघणारे पुष्कळ आहेत." बाबांनी मान हलवली. रैदुनने टेबलाची कड सोडली तेव्हा तिच्या बोटांवर पांढरे वळ उमटले होते. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आता मागची बंद खोली उघडावी का, इथे आपल्याला रविवार-रविवार येणं जमेल का, चढावरचा बर्च कुणाकडून कापून घ्यावा, असे भलभलते विचार डोक्यात गर्दी करू लागले. ते तिला बरं वाटलं.

यॉरुन ओसरीवर बूट घालत होती. बाबा दारात जाऊन उभे राहिले, चौकटीला खांदा टेकून. तिने एक बूट चढवला, दुसरा चढवला, नाड्या बांधायला घेतल्या. तरी ते हलले नाहीत.

"गुट्टोर्म कसा आहे?"

यॉरुनचे हात नाड्यांवर थांबले. हे नाव या घरात उच्चारल्याचं रैदुनने त्या शनिवारनंतर ऐकलं नव्हतं. "बरे आहेत," यॉरुन म्हणाली. "खातात, पितात. ऐकू कमी येतं."

"त्याला सांग..." बाबा म्हणाले.  "ते लाकूड कोरडं होतं. त्या वेळचं. पोतं उचललं तेव्हाच माझ्या हाताला कळलं होतं. चांगलं वाळवलेलं होतं, निगुतीने. ते मी कुणाला सांगितलं नाही. त्याला सांग, कोरडं होतं."

यॉरुनने टोपी घातली, ती कानांवर ओढली आणि बराच वेळ तिच्या कडा सारख्या करत राहिली.

"मोठ्याने सांगावं लागेल," ती म्हणाली.

"मग मोठ्याने सांग," बाबा म्हणाले.